कौल कोणाच्या हातात? रोमच्या प्लेबियनांचा धडा



आपली कोणतीही बैठक असो, व्याख्यानमाला असो की चहाच्या टपरीवरची चर्चा, एक वाक्य हमखास ऐकू येते. "आपला माणूस सत्तेत गेला पाहिजे." त्यात चूक काहीच नाही. शासनकर्ती जमात व्हा, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले. पण सत्तेत जायचे म्हणजे नेमके कुठे जायचे? खुर्ची मिळाली की सत्ता मिळाली, असे आपण गृहीत धरतो. हा समज किती फसवा आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये एका दूरच्या देशाचा दाखला देऊन सांगितले आहे. तो देश म्हणजे प्राचीन रोम. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने जे भाषण होऊच दिले नाही, त्यातली आंतरजातीय विवाहाची आणि धर्मशास्त्रांची चर्चा आपल्याला पाठ असते. रोमचा भाग मात्र बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. आज तिथेच थोडे थांबू या.

तलवार आणि मत

इ.स.पू. ५०९ च्या सुमारास रोमने राजाला हाकलले आणि प्रजासत्ताक आणले, असे परंपरा सांगते. राजाच्या जागी दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जाऊ लागले. कॉन्सल म्हणजे आजच्या अर्थाने नुसता मंत्री नव्हे. तो राज्याचा प्रमुख आणि सैन्याचा सेनापतीही. या दुहेरी अधिकाराला रोमन लोक 'इंपेरियम' म्हणत. कॉन्सलपुढे बारा चोपदार चालत, त्यांच्या खांद्यावर काठ्यांच्या मोळ्या असत आणि शहराबाहेर पडले की त्या मोळ्यांत कुऱ्हाडी खोचल्या जात. अर्थ साधा होता: शहरात हा माणूस फटके मारू शकतो, रणांगणावर मुंडके उडवू शकतो.

हा अधिकार मूठभर पॅट्रिशियन घराण्यांकडे होता. बाकीची स्वतंत्र प्रजा म्हणजे प्लेबियन. लढायला प्लेबियन, हुकूम द्यायला पॅट्रिशियन.

निवडणुकासुद्धा सैन्याच्याच साच्यात होत. कॉन्सल निवडणारी सभा शहराच्या सीमेबाहेर, युद्धदेव मार्सच्या मैदानावर भरे. मतदार १९३ गटांत विभागलेले असत आणि प्रत्येक गटाला एक मत. कोण कोणत्या गटात, हे मालमत्तेवर ठरे. घोडेस्वारांचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० असे ९८ गट एकत्र आले की बहुमत तिथेच पूर्ण होई आणि मतदान थांबे. ज्यांच्याकडे पोराबाळांखेरीज काहीच नव्हते, त्या हजारो लोकांचा मिळून गट एक. मताचा अधिकार सगळ्यांना, पण मताची किंमत काहींनाच. कागदावरची समता कशी पोकळ असू शकते, हे वेगळे सांगायला नको.

छातीवरचे वार, पाठीवरचे वळ

रोमन इतिहासकार लिव्ही एका म्हाताऱ्या सैनिकाची हकिकत सांगतो. इ.स.पू. ४९५ च्या सुमाराची गोष्ट. फाटक्या कपड्यांतला, हाडे उरलेला एक माणूस भर चौकात आला. लोकांनी त्याला ओळखले. तो सैन्यात तुकडीचा नायक होता. तो लढाईवर असताना त्याचे शेत जळाले, गुरे गेली, वर कर भरावा लागला. त्यासाठी कर्ज काढले आणि अखेर सावकाराने त्याला वेठीला धरले. त्याने छातीवरचे लढाईतले वार दाखवले. मग पाठ दाखवली. तिथे सावकाराच्या चाबकाचे ताजे वळ होते.

त्या एका देहावर रोमचे सगळे राजकारण लिहिलेले होते. ज्याच्या रक्तावर राज्य उभे, त्यालाच राज्यात जागा नाही.

इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेबियन सैनिकांनी एक साधी गोष्ट केली. ते शहर सोडून गेले. रोमपासून तीन मैलांवरच्या 'पवित्र टेकडी'वर त्यांनी तळ ठोकला. लूट नाही, जाळपोळ नाही. आम्ही लढणार नाही, एवढेच. शत्रू दारात असताना सैन्य नसलेल्या सेनापतीला कोण विचारतो?

पॅट्रिशियनांनी मेनेनियस अग्रिपा नावाच्या गोडबोल्या माणसाला समजूत घालायला पाठवले. त्याने गोष्ट सांगितली. एकदा हातापायांनी पोटाविरुद्ध संप केला. आम्ही राबायचे आणि हे आयते खाणार! त्यांनी अन्न देणे बंद केले, तर पोटाबरोबर हातपायही लुळे पडले. तात्पर्य: पॅट्रिशियन हे समाजपुरुषाचे पोट आहेत, म्हणून तुम्ही मुकाट्याने राबा.

मित्रांनो, समाज म्हणजे एक शरीर आणि त्यात कोणी तोंड, कोणी बाहू, कोणी पाय, ही उपमा आपल्या ओळखीची आहे ना? विषमतेला शरीराचा दाखला देण्याची युक्ती काही एकट्या पुरुषसूक्ताची नाही. फरक पुढे आहे. प्लेबियन गोष्ट ऐकून टाळ्या वाजवत परत आले नाहीत. त्यांनी आधी करार करून घेतला. प्लेबियनांचे स्वतःचे अधिकारी असतील, त्यांना 'ट्रिब्यून' म्हणतील, ते पॅट्रिशियन अधिकाऱ्याचा हुकूम रोखू शकतील, आणि ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणारा मारला जाईल. ट्रिब्यूनमागे चोपदार नव्हते, कुऱ्हाड नव्हती. त्याच्यामागे अख्ख्या समाजाने घेतलेली शपथ होती.

पण या अधिकाराला एक मर्यादा होती. तो शहर आणि शहराबाहेरचा पहिला मैल, एवढ्यापुरताच चाले. त्यापुढे छावणीत पुन्हा कॉन्सलचेच राज्य. म्हणून प्लेबियनांना कळले की नुसता नकाराधिकार पुरेसा नाही. सेनापतिपदच हवे.

बेटीबंदी आणि देवाचा कौल

ही मागणी करताच पॅट्रिशियनांनी जे उत्तर दिले, ते वाचताना आपण रोमबद्दल वाचतोय की आपल्या गावाबद्दल, असा प्रश्न पडतो.

इ.स.पू. ४५१-४५० मध्ये रोमचा पहिला लेखी कायदा झाला, 'बारा पट्ट्यांचा कायदा'. त्यात पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात लग्न करायला बंदी घातली होती. इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूनने ही बेटीबंदी उठवण्याचा ठराव आणला. शिवाय कॉन्सलपद प्लेबियनांना खुले करण्याची मागणी झाली. पॅट्रिशियन म्हणाले, रक्ताची सरमिसळ होईल, कुळे बिघडतील. आणि सर्वांत मोठे कारण: प्लेबियनाला देवाचा कौल घेण्याचा अधिकार नाही.

हा कौल म्हणजे काय? रोममध्ये कोणतेही सरकारी काम कौल घेतल्याशिवाय होत नसे. निवडणूक घ्यायची, सैन्य हलवायचे, लढाई सुरू करायची, आधी पक्ष्यांचे उडणे, विजेचे कडाडणे, कोंबड्यांचे दाणे टिपणे पाहून देवांची मर्जी विचारायची. कॉन्सल सेनापती असे तो याच कौलाच्या जोरावर. शंका आली तर निकाल देणारे पुरोहित म्हणजे 'ऑगर', आणि ते सगळे पॅट्रिशियन. म्हणजे परीक्षाही त्यांची, परीक्षकही तेच आणि निकालही तेच लावणार.

बाबासाहेबांनी नेमके याच जागी बोट ठेवले आहे. त्यांनी दाखला डेल्फीच्या देववाणीचा दिला आहे. रोमच्या रोजच्या कारभारात हेच काम ऑगर करीत. मुद्दा एकच: प्लेबियनांनी आपला कॉन्सल मिळवला, पण त्याच्यावर देवाची मोहोर उमटवणारा हात पॅट्रिशियनांचा राहिला. त्यामुळे पॅट्रिशियनांच्या पुढे मान तुकवणारा प्लेबियनच देवाला पसंत पडे. आणि प्लेबियनांनी हे चालवून घेतले, कारण कौलावर त्यांचाही विश्वास होता.

कॅन्युलियसच्या वेळी प्लेबियनांनी पुन्हा तेच हत्यार काढले. ठराव मंजूर होईपर्यंत सैन्यभरती होऊ देणार नाही. बेटीबंदी उठली. कॉन्सलपदाच्या बाबतीत मात्र पॅट्रिशियनांनी पळवाट काढली. 'कॉन्सलचे अधिकार असलेले लष्करी ट्रिब्यून' असे नवे पद निर्माण केले आणि ते प्लेबियनांनाही खुले केले. काम सेनापतीचे, पण मान कॉन्सलचा नाही. विजय मिळवला तरी विजययात्रेचा मान या पदावरच्या कोणालाही मिळाला नाही. आणि लिव्हीच्या सांगण्याप्रमाणे पद खुले झाल्यावरही पहिला प्लेबियन त्यावर बसायला इ.स.पू. ४०० उजाडले. तब्बल ४४ वर्षे जागा 'खुली' होती आणि रिकाम्या हातांनी प्लेबियन तिच्याकडे पाहत होते. 'पात्र उमेदवार मिळाला नाही' हा शेरा किती जुना आहे पाहा.

पुढे लिसिनियस आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्यूननी वर्षानुवर्षे झगडा दिला. इ.स.पू. ३६७ मध्ये कायदा झाला की दोन कॉन्सलांपैकी एक प्लेबियन असेल. दुसऱ्याच वर्षी सेक्स्टियस स्वतः कॉन्सल झाला. त्याच वेळी पॅट्रिशियनांनी न्यायदानाचे काम कॉन्सलकडून काढून 'प्रेटर' नावाचे नवे पद निर्माण केले आणि ते स्वतःकडे ठेवले. आपण पोहोचलो की खुर्चीतले अधिकार शेजारच्या खोलीत हलवले जातात, हा अनुभव आपल्या सरपंच-सदस्यांना विचारा.

आणि इ.स.पू. ३६२ मध्ये जेनुसियस हा प्लेबियन कॉन्सल स्वतःच्या कौलावर युद्धाला निघाला. सापळ्यात सापडून मारला गेला, सैन्य उधळले. पॅट्रिशियन कॉन्सल त्याआधी कितीतरी हरले होते, तेव्हा ती एका माणसाची हार होती. जेनुसियस हरला तेव्हा ती सगळ्या प्लेबियनांची नालायकी ठरली. बघा, देवांनीच निकाल दिला, असे पॅट्रिशियन उघडपणे म्हणू लागले.

इ.स.पू. ३२७ मध्ये मार्सेलस या प्लेबियनाला आणीबाणीचा सर्वाधिकारी, म्हणजे डिक्टेटर नेमले. ऑगरांनी निकाल दिला: नेमणूक सदोष. तेव्हा ट्रिब्यूननी विचारलेला प्रश्न प्रत्येक बुद्धिवाद्याने लक्षात ठेवावा असा आहे. नेमणूक करणाऱ्या कॉन्सलने मध्यरात्री, दूरच्या छावणीत, शांतपणे कौल घेतला. त्याने कसलीच तक्रार केली नाही. मग रोममध्ये बसलेल्या ऑगरांना दोष दिसला कुठून? त्यांना दिसलेला एकच दोष होता, डिक्टेटर प्लेबियन असल्याचा.

पुरोहितपदही मिळाले, मग?

इ.स.पू. ३०० मध्ये ओगुल्नियस बंधूंच्या कायद्याने पुरोहितांची पदे प्लेबियनांना खुली झाली. प्लेबियन डेसियसने त्याच्या बाजूने आपल्या बापाचे उदाहरण दिले. बापाने कॉन्सल असताना रणांगणावर स्वतःला देवांना अर्पण करून प्राण दिला होता. तेव्हा देवांना प्लेबियनाचे रक्त चालले, मग प्लेबियनाची पूजा का चालू नये? बिनतोड युक्तिवाद. पुढे इ.स.पू. २८७ मध्ये, पुन्हा एकदा शहर सोडून गेल्यावर, प्लेबियन सभेचे ठराव सगळ्या रोमवर बंधनकारक झाले.

तर मग लढाई जिंकली? कायद्याच्या पुस्तकात जिंकली. पण इ.स.पू. २१५ मध्ये, हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, दुसरा एक मार्सेलस, त्या काळातला रोमचा अव्वल सेनानी, कॉन्सल निवडून आला. दुसरा कॉन्सलही प्लेबियन होता. मार्सेलस पदावर येताच ढग गडगडला. ऑगरांनी निवड सदोष ठरवली आणि दोन प्लेबियन कॉन्सल देवांना रुचले नाहीत, अशी आवई पॅट्रिशियनांनी उठवली. मार्सेलसने राजीनामा दिला. त्याच्या जागी पॅट्रिशियन फेबियस आला. पुरोहितांमध्ये प्लेबियन बसून तेव्हा ८५ वर्षे झाली होती.

माझ्या मते रोमचा खरा धडा इथे आहे. व्यवस्थेत आपला माणूस बसवला आणि व्यवस्थेची श्रद्धा तशीच ठेवली, तर आपला माणूस त्या श्रद्धेचा पहारेकरी होतो. बाबासाहेब १९५६ मध्ये नागपूरला पुरोहितपदात वाटा मागायला गेले नव्हते. त्यांनी कौल लावणाऱ्या देवांनाच नाकारले. बावीस प्रतिज्ञांचे राजकीय महत्त्व ज्यांना कळत नाही, त्यांनी मार्सेलसचा राजीनामा आठवावा.

सैन्य कोणाचे?

आता दुसरी बाजू. हळूहळू श्रीमंत प्लेबियन घराणी पॅट्रिशियनांत मिसळली. त्यांची एक नवी उमराव जमात तयार झाली. लढणारा गरीब प्लेबियन होता तिथेच राहिला. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने भूमिहीनांना जमीन देण्याचा कायदा केला. त्याला दिवसाढवळ्या मारून टाकले. मारणाऱ्या जमावाच्या पुढे होता नासिका, रोमचा मुख्य पुरोहित. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणार नाही, ही जुनी शपथ तिथे संपली.

त्यानंतर मारियस आला. घराण्यात आधी कोणी कॉन्सल झालेला नाही, असा हा 'नवा माणूस' एकूण सात वेळा कॉन्सल झाला. इ.स.पू. १०७ मध्ये त्याने मालमत्ता नसलेल्यांना सैन्यात घेतले. गरिबाला भाकरी मिळाली, हे चांगलेच. पण निवृत्तीनंतर जमीन देणार कोण? राज्य नव्हे, सेनापती. म्हणून सैनिक राज्याचा उरला नाही, सेनापतीचा झाला. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने स्वतःच्याच शहरावर सैन्य नेले, तेव्हा एक सोडून त्याचे सगळे मोठे अधिकारी त्याला सोडून गेले. साधे सैनिक मात्र त्याच्यामागे चालत राहिले. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर रुबिकॉन नदी ओलांडून आला. आणि अखेर ऑगस्टस. तो पॅट्रिशियन असल्याने ट्रिब्यून होऊ शकत नव्हता. त्याने इ.स.पू. २३ मध्ये ट्रिब्यूनचे पद न घेता ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. पवित्र टेकडीवर उपाशी बसून प्लेबियनांनी जे हत्यार घडवले, ते सम्राटाच्या नावापुढची पदवी झाले.

एकेकाळी सैन्य मागे घेऊन हक्क मिळवणारे लोक, नंतर सेनापतीमागे धावून हक्क गमावून बसले. पहिल्या वेळी ते संघटना होते, दुसऱ्या वेळी कोणाचे तरी अनुयायी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध दिलेला इशारा याच वाटेवरचा आहे. तो आपण इतरांना ऐकवतो. आपल्या गटातटांच्या 'साहेबां'समोर उभे असताना स्वतःला ऐकवतो का?

आपण प्लेबियन नाही

एक सावधगिरी. आपण म्हणजे रोमचे प्लेबियन, असे सरळ समीकरण मांडू नका. प्लेबियन अस्पृश्य नव्हता. त्याच्या हातात शस्त्र होते, म्हणूनच त्याच्या नकाराला किंमत होती. खालच्या गुलामालाही क्वचित ती संधी मिळाली. इ.स.पू. २१६ च्या कॅनीच्या पराभवानंतर रोमने ८,००० गुलाम विकत घेऊन सैन्यात उतरवले. दोन वर्षांनी बेनेव्हेंटमची लढाई जिंकल्यावर त्यांना स्वतंत्र केले. शस्त्र हाती आले आणि बेडी सुटली.

चातुर्वर्ण्याने खालच्यांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती तिन्ही नाकारली, म्हणून इथे तसे बंड उभे राहू शकले नाही, असे बाबासाहेब त्याच ग्रंथात सांगतात. युरोपातल्या दुबळ्याला सैन्यसेवा खुली होती, हे त्यांनी मुद्दाम नोंदवले आहे. कंपनीच्या सैन्यात महारांना जागा मिळाली तेव्हा काय झाले, हे सुभेदार रामजींच्या घरात जन्मलेल्या माणसाला सांगावे लागत नव्हते. १८९२ च्या सुमारास ती भरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत आपल्या माणसांनी अर्ज का केले? नोकरीसाठी, हो. पण त्यापलीकडे नागरिक म्हणून उभे राहण्यासाठी. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता तो याचसाठी.

आज आपल्या हातातले हत्यार मत आहे, संघटना आहे, शिक्षण आहे. सैनिक एकत्र टेकडीवर गेले म्हणून त्यांचा नकार चालला. एकेकटे घरी बसले असते तर ते फरारी ठरले असते.

म्हणून यापुढे 'आपला माणूस सत्तेत गेला' असे कोणी सांगितले, तर त्याला हार घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. त्याला पसंती कोणाची आहे, आपली की त्यांच्या ऑगरांची? त्याच्या खुर्चीतले अधिकार अजून खुर्चीतच आहेत, की शेजारच्या खोलीत गेले? आणि तो चुकला तर त्याच्यामागून चालणे थांबवण्याइतके आपण संघटित आहोत का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात आहे. तिथूनच सुरुवात करू.

जयभीम.